टक्कल रोखणारी औषधे: जेनेरिक घेतली तर चालतात का?

वयाच्या पंचविशीत कपाळाच्या दोन्ही कडा मागे सरकू लागल्या की भंडारा, तुमसर किंवा साकोलीतला तरुण साधारण एकाच वाटेने जातो. आधी तेल बदलते, मग शाम्पू. कोणी सांगते बोअरचे पाणी जड आहे, कोणी म्हणते हेल्मेटमुळे केस जातात. लग्नाच्या बायोडेटासाठी फोटो काढायची वेळ आली की मोबाइलवर रोज दिसणाऱ्या एखाद्या 'हेअर किट'ची ऑर्डर जाते. त्वचारोगतज्ज्ञाकडे तो पोहोचतो सर्वांत शेवटी. तिथे चिठ्ठीवर जी दोन नावे लिहिली जातात ती बहुतेक वेळा हीच असतात: मिनॉक्सिडिल आणि फिनास्टेराइड.

ही दोन्ही औषधे जुनी आहेत. त्यांची पेटंटे कधीच संपली आणि भारतात अनेक कंपन्या ती बनवतात. त्यामुळे 'जेनेरिक घेतले तर चालेल का?' या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे: चालते. अवघड प्रश्न त्यानंतरचे आहेत. चिठ्ठीवर ब्रँडचे नाव असताना दुकानदार दुसरे औषध देऊ शकतो का? प्रोस्टेटची मोठी गोळी तोडून घेणे बरोबर आहे का? औषध किती वर्षे घ्यायचे? आणि ते कोणी घेऊच नये?

आधी हे टक्कल तेच आहे का?

पुरुषी टक्कल हा केस गळण्याचा एक ठरावीक प्रकार आहे. कपाळाच्या कडा मागे सरकतात, टाळूवर भोवऱ्याजवळ केस विरळ होतात, पण कानाच्या वरचे आणि मानेकडचे केस टिकून राहतात. यामागे डीएचटी नावाचे संप्रेरक असते. शरीरातल्या टेस्टोस्टेरॉनपासून ते तयार होते. ज्यांच्या केसमुळांना जन्मतःच डीएचटी सोसत नाही, त्यांची केसमुळे दर चक्राला थोडी थोडी लहान होत जातात. जाड केसाच्या जागी बारीक केस येतो, मग लव, आणि शेवटी काहीच येत नाही. म्हणजे केस 'गळून' टक्कल पडते असे म्हणण्यापेक्षा केस आक्रसत जातो असे म्हणणे जास्त बरोबर. उशीवर रोज किती केस दिसतात यावरून त्यामुळेच फारसे काही ठरत नाही.

हा स्वभाव आई आणि वडील अशा दोन्हीकडून येऊ शकतो. 'आजोबांचे (आईच्या वडिलांचे) केस बघा म्हणजे कळेल' ही समजूत अर्धवट खरी आहे. टक्कल तसे दुर्मीळही नाही. बंगळुरूमध्ये १,००५ जणांची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. त्यात ३० ते ५० वयोगटातल्या ५८ टक्के पुरुषांमध्ये ते कमी-अधिक प्रमाणात आढळले होते.

पण केस जाण्याची सगळी कारणे ही नसतात. विदर्भातलेच अलीकडचे उदाहरण घ्या. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस आणि जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांतून लोकांचे केस काही दिवसांत गळून टक्कल पडल्याच्या बातम्या आल्या. त्यात स्त्रिया होत्या, मुले होती. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पथक तिथे गेले. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी आपल्या तपासणीतून रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवले. समाजमाध्यमांवर त्याला 'टक्कल व्हायरस' हे नावही चिकटले होते. पुरुषी टकलाचा आणि त्या प्रकाराचा काही संबंध नाही. तीन दिवसांत मूठभर केस हातात येत असतील तर त्याचे कारण वेगळे असते आणि उपायही वेगळा.

डेंग्यू, टायफॉइड किंवा मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी सगळ्या डोक्यावरचे केस भराभर गळू लागतात. तो प्रकार बहुधा आपोआप थांबतो. चाई पडते तेव्हा गोल, गुळगुळीत चट्टा दिसतो, तो आणखी वेगळा आजार आहे. रक्त कमी असणे, थायरॉइड, नायट्याचा संसर्ग यांमुळेही केस जातात. यांपैकी कशावरही फिनास्टेराइड हा उपाय नाही. म्हणूनच पैसे वाचवायचे असतील तर पहिली बचत औषधाच्या दुकानात होत नाही. एकदा नीट निदान करून घेतले की चुकीच्या औषधावर जाणारे वर्ष-दोन वर्षांचे पैसे वाचतात.

दोन औषधे, दोन वेगळ्या वाटांनी आलेली

मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाचे औषध. अमेरिकेत १९७९ साली त्याच्या गोळीला मान्यता मिळाली. ती घेणाऱ्या रुग्णांच्या अंगावर, चेहऱ्यावर केस वाढू लागले. कंपनीने हा दुष्परिणामच उपयोगात आणला आणि १९८८ साली २ टक्के तीव्रतेचे डोक्याला लावायचे द्रावण बाजारात आले. पुढे पुरुषांसाठी ५ टक्क्यांचे आले. हे औषध डीएचटीला हात लावत नाही. ते केसाच्या वाढीचा काळ लांबवते आणि आक्रसलेल्या केसमुळाला पुन्हा जाड केस धरायला लावते.

फिनास्टेराइडची गोष्ट आणखी विलक्षण आहे. १९७४ साली 'सायन्स' या नियतकालिकात कॅरिबियन भागातल्या डॉमिनिकन रिपब्लिक देशातल्या काही कुटुंबांविषयी एक शोधनिबंध आला. या कुटुंबांतल्या काही मुलग्यांना जन्मतःच टेस्टोस्टेरॉनचे डीएचटी करणाऱ्या विकराची उणीव होती. जन्मावेळी ती मुलीसारखी दिसत आणि वयात येताना त्यांची शरीरे पुरुषी होत. मोठेपणी त्यांची प्रोस्टेट ग्रंथी लहान राहत असे आणि त्यांना टक्कल पडत नसे. टकलाचा पुरुषी संप्रेरकांशी संबंध आहे हे अमेरिकी संशोधक जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ मध्येच दाखवले होते. आता नेमका धागा सापडला: तो विकर रोखणारे औषध केले तर प्रोस्टेट आणि टक्कल दोन्हींवर उपयोग होईल. मर्क कंपनीने फिनास्टेराइड तयार केले. १९९२ साली प्रोस्टेटच्या वाढीसाठी ५ मिलीग्रॅमची गोळी आली आणि १९९७ च्या डिसेंबरमध्ये टकलासाठी १ मिलीग्रॅमची.

एकच रेणू, दोन मात्रा, दोन आजार. पुढचा बराच गोंधळ इथूनच सुरू होतो.

भारतात 'जेनेरिक' शब्दाचे तीन अर्थ का होतात?

अमेरिकेत फिनास्टेराइडची ५ मिलीग्रॅमची जेनेरिक गोळी २००६ मध्ये आली आणि टकलासाठीच्या १ मिलीग्रॅमच्या गोळीचे पेटंट २०१३ मध्ये सरले. भारतीयांना तेवढे थांबावे लागले नाही. १९७० च्या पेटंट कायद्यात औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नसे, फक्त तो बनवण्याच्या पद्धतीवर मिळे. ही स्थिती १ जानेवारी २००५ ला बदलली, पण फिनास्टेराइड त्याच्या खूप आधीचे. त्यामुळे सिप्लाचे 'फिनपेशिया', डॉ. रेड्डीजचे 'फिनॅक्स' हे ब्रँड इथे आधीपासून मिळत होते. मिनॉक्सिडिलचे 'ट्युगेन' आणि 'मिनटॉप' हेही याच दोन कंपन्यांचे.

आता गंमत अशी की ही सगळी नावे ब्रँडची असली तरी औषधे जेनेरिकच आहेत. मूळ शोधकर्त्या कंपनीशिवाय इतर कोणी बनवलेले तेच औषध म्हणजे जेनेरिक. भारतात त्याचे तीन थर दिसतात. पहिला, नाव लावून, डॉक्टरांपर्यंत प्रतिनिधी पाठवून विकले जाणारे ब्रँडेड जेनेरिक. दुसरा, कंपनीने थेट दुकानदाराला दिलेले. त्यावर छापील किंमत बरीच जास्त असते आणि प्रत्यक्षात दुकानदार त्यावर मोठी सूट देतो. तिसरा, नुसत्या मूळ नावाने विकले जाणारे, जसे जनऔषधी केंद्रात मिळते. लोक बोलताना फक्त दुसऱ्या-तिसऱ्या थराला 'जेनेरिक' म्हणतात आणि पहिल्याला 'ओरिजिनल' किंवा 'कंपनीचे'. तसे ते नाही. आत सॉल्ट एकच असते.

मग दर्जाचे काय? शंका अगदीच निराधार नाही. देशात कमी दर्जाची औषधे सापडतात आणि औषध नियंत्रकांच्या यादीत ब्रँडेड व बिनब्रँड अशी दोन्ही दिसतात. फिनास्टेराइड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. अशा औषधांत गोळी पोटात कशी फुटते आणि औषध रक्तात किती उतरते याला महत्त्व येते. एप्रिल २०१७ मध्ये औषध नियमांत बदल झाला आणि कमी विरघळणाऱ्या औषधांच्या नव्या उत्पादन परवान्यासाठी जैवसमतुल्यतेची चाचणी सक्तीची झाली, म्हणजे मूळ औषधाइतकेच औषध रक्तात उतरते हे दाखवणे आले. जनऔषधी योजनेत येणाऱ्या मालाची प्रत्येक बॅच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासली जाते.

पट्टी हातात आली की काय वाचायचे? सर्वांत आधी सॉल्टचे नाव. २०१८ पासून ते ब्रँडच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत छापणे बंधनकारक आहे. त्यापुढे आयपी ही अक्षरे असतील तर औषध भारतीय औषधसंहितेच्या निकषांनुसार आहे असा कंपनीचा दावा असतो. मग मात्रा: १ मिलीग्रॅम की ५? द्रावण २ टक्के की ५? त्यानंतर बनवणाऱ्याचे नाव, बॅच क्रमांक आणि मुदत. बनवणारी आणि विकणारी कंपनी वेगळी असू शकते. एकाच कारखान्यात दोन ब्रँड तयार होणे ही या धंद्यातली नेहमीची गोष्ट आहे.

दुकानात आणि चिठ्ठीवर

इथे एक नियम फारसा कोणाला माहीत नसतो. फिनास्टेराइड शेड्यूल एच मध्ये येते, म्हणजे ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायचे औषध आहे. अशा औषधाच्या चिठ्ठीवर एका ब्रँडचे नाव असेल, तर दुकानदाराला त्याऐवजी दुसरे औषध देता येत नाही, सॉल्ट तेच असले तरी. औषध नियमांतच तशी तरतूद आहे. म्हणून 'यातले स्वस्त द्या' हे मेडिकलवाल्याला सांगण्यापेक्षा डॉक्टरांना सांगणे उपयोगाचे: 'साहेब, सॉल्टचे नाव लिहून द्या.' बहुतेक डॉक्टर हरकत घेत नाहीत. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये डॉक्टरांनी जेनेरिक नावच लिहावे असा कडक नियम आणला होता, पण डॉक्टरांच्या विरोधानंतर त्याच महिन्यात तो स्थगित झाला.

जनऔषधी केंद्र कुठे आहे आणि तिथे हवे ते औषध यादीत आहे का, हे 'जनऔषधी सुगम' या मोफत ॲपवर पिनकोड टाकून पाहता येते. सरकारच्या म्हणण्यानुसार तिथली औषधे ब्रँडपेक्षा ५० ते ८० टक्के स्वस्त असतात. अडचण एवढीच की यादीत असलेले औषध दुकानात असेलच असे नाही. पवनी किंवा लाखांदूरहून खास त्यासाठी निघण्याआधी फोन करून विचारलेले बरे. केंद्रात नसेल तर साध्या मेडिकलमध्येही तेच सॉल्ट दोन-तीन वेगवेगळ्या किमतींत मिळते. विचारले तरच दाखवतात, हेही खरे.

किमतीची तुलना करताना पट्टीची नव्हे, महिन्याची किंमत काढावी. पट्टीत कुठे १० गोळ्या असतात, कुठे १५, कुठे ३०. द्रावणाचा हिशेब असा: एका वेळी १ मिलीलीटर, दिवसातून दोनदा, म्हणजे ६० मिलीलीटरची बाटली बरोबर ३० दिवस जाते. समजा एक बाटली ७०० रुपयांची आहे आणि दुसरी ३०० ची. फरक महिन्याला ४०० रुपयांचा, वर्षाला ४,८०० चा आणि पाच वर्षांत २४,००० चा. धान विकून वर्षाचा खर्च भागवणाऱ्या घरात हा फरक लहान नाही. औषध जितका काळ चालते तितका तो वाढत जातो, आणि या औषधांना शेवटची तारीख नसते.

'किट'च्या बाबतीत एकच करावे: डब्यातल्या प्रत्येक बाटलीवरचे सॉल्ट वाचावे. पुष्कळदा त्यात गुणकारी म्हणता येईल असे एकच औषध असते, मिनॉक्सिडिल. बाकी बायोटिनच्या गोळ्या, शाम्पू, सिरम. शरीरात बायोटिनची कमतरता नसेल तर त्याने टक्कल थांबते असा भरवशाचा पुरावा नाही.

५ मिलीग्रॅमची गोळी चार तुकडे करून?

ही युक्ती जगभर चालते. काही ठिकाणी प्रोस्टेटची गोळी टकलाच्या गोळीच्या मानाने स्वस्त पडते आणि चार तुकडे केले की प्रत्येकात सव्वा मिलीग्रॅम येते. तुकडे थोडे कमी-जास्त झाले तरी परिणामात फार फरक पडत नाही, कारण या औषधाची मात्रा वाढवली तरी परिणाम त्या प्रमाणात वाढत नाही. टाळूच्या त्वचेवर झालेल्या एका अभ्यासात रोज ०.२ मिलीग्रॅमने डीएचटी सुमारे ५७ टक्के घटले, १ मिलीग्रॅमने सुमारे ६४ टक्के आणि ५ मिलीग्रॅमने सुमारे ६९ टक्के. पाच पट मात्रा घेऊन हाती फार काही लागत नाही. अख्खी ५ ची गोळी रोज घेणाऱ्याला हे समजायला हवे.

पण तोडण्यात एक धोका आहे. गोळीवरचे आवरण अखंड गोळी हाताळणाऱ्याला औषधापासून वाचवते. तुटलेल्या गोळीची भुकटी गर्भवती स्त्रीच्या हाताला लागली तर ते पोटातल्या मुलग्याच्या जननेंद्रियांच्या वाढीला घातक ठरू शकते. गरोदर किंवा मूल होण्याच्या तयारीत असलेली स्त्री घरात असेल तर गोळ्या तोडू नयेत. भारतात १ मिलीग्रॅमची जेनेरिक गोळी सहज मिळत असताना ही कसरत किती जणांना खरोखर करावी लागते, हाही प्रश्नच आहे.

किती फायदा, किती दिवसांनी?

फिनास्टेराइडच्या मुख्य चाचण्यांत १८ ते ४१ वयाचे १,५५३ पुरुष होते. दोन वर्षांनी गोळी घेणाऱ्यांपैकी ८३ टक्के जणांचे टाळूवरचे केस मोजणीत कमी झालेले नव्हते. नकली गोळी घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण २८ टक्के होते. या आकड्यांचा अर्थ नीट घ्यावा. औषधाचे मुख्य काम आहे ते टिकवण्याचे. काहींचे केस वाढतात, पण विसाव्या वर्षीचे कपाळ परत येत नाही. भोवऱ्याजवळ परिणाम चांगला दिसतो, कपाळाच्या कोपऱ्यांत कमी. जिथली कातडी गुळगुळीत, चकचकीत झाली आहे तिथे कोणत्याच औषधाकडून आशा धरू नये.

मिनॉक्सिडिलमध्ये ५ टक्क्यांचे द्रावण २ टक्क्यांपेक्षा सरस ठरले आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या ४८ आठवड्यांच्या चाचणीत ५ टक्केवाल्यांचे केस ४५ टक्क्यांनी जास्त वाढले. ते केसांना नव्हे, टाळूच्या त्वचेला लावायचे असते, आणि तेही कोरड्या. तेल थापलेल्या डोक्यावर ते लावण्यात अर्थ नाही. तेल लावायचेच असेल तर ते धुण्याच्या आधी लावावे. द्रावणात अल्कोहोल असते, ते पेट घेते. लावून लगेच गॅसजवळ किंवा चुलीजवळ जाऊ नये. टाळूला खाज आणि कोंडा झाला तर दोष बहुतेकदा मिनॉक्सिडिलचा नसून द्रावणातल्या प्रॉपिलीन ग्लायकॉलचा असतो. मग फेसाच्या स्वरूपातले औषध घ्यावे.

पहिल्या दोन महिन्यांत केस गळणे वाढते. इथेच अनेक जण घाबरून औषध सोडतात. जुने, दमलेले केस पडून त्या जागी नवे चक्र सुरू होत असते, हे आधी सांगितले गेले नाही तर बाटली कपाटात जाते. परिणाम दिसायला चार ते सहा महिने लागतात आणि खरा अंदाज वर्षाने येतो. आरशावर विसंबू नये. तीन-तीन महिन्यांनी त्याच खिडकीशी, त्याच उजेडात, कोरड्या केसांचा टाळूवरून फोटो काढून ठेवावा.

औषध थांबवले की कमावलेले जाते. मिनॉक्सिडिल सोडल्यावर तीन-सहा महिन्यांत, फिनास्टेराइड सोडल्यावर वर्षभरात केस साधारण तिथेच येतात जिथे औषधाविना आले असते. दोन महिने घ्यायचे, पगार उशिरा झाला की सोडायचे, पुन्हा सुरू करायचे, असे करण्यात पैसे तेवढेच जातात आणि हाती काही राहत नाही. जेनेरिकचा खरा उपयोग इथे आहे. ज्या किमतीत पाच वर्षे न थांबता घेता येईल, तेच औषध आपले.

दुष्परिणाम: घाबरवायचे नाही, लपवायचेही नाही

फिनास्टेराइडबद्दल इंटरनेटवर दोन टोके आहेत. एक म्हणते काहीच होत नाही, दुसरे म्हणते आयुष्य उद्ध्वस्त होते. चाचण्यांत कामेच्छा कमी होणे, ताठरता कमी होणे किंवा वीर्य कमी येणे यांपैकी काही ना काही तक्रार गोळी घेणाऱ्या ३.८ टक्के पुरुषांनी केली. नकली गोळी घेणाऱ्या २.१ टक्के पुरुषांनीही ती केली. बहुतेकांची तक्रार औषध थांबवल्यावर गेली, काहींची तर चालू असतानाच. मात्र काही पुरुषांच्या तक्रारी औषध सोडल्यावरही राहिल्याच्या नोंदी आहेत, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ मध्ये हे माहितीपत्रकात घालायला लावले.

इटलीतला एक अभ्यास इथे आठवावा लागतो. प्रोस्टेटसाठी ५ मिलीग्रॅम घेणाऱ्या पुरुषांचे दोन गट केले. एका गटाला लैंगिक दुष्परिणामांची कल्पना दिली, दुसऱ्याला दिली नाही. सांगितलेल्यांपैकी ४३.६ टक्के जणांनी तक्रार केली, न सांगितलेल्यांपैकी १५.३ टक्के जणांनी. भीतीचाही परिणाम होतो तो असा. तरीही त्यावरून प्रत्येक तक्रार मनाची आहे असे म्हणणे हा रुग्णावर अन्याय आहे.

मनावर होणारा परिणाम जास्त गंभीरपणे घेण्याजोगा आहे. उदासी आणि आत्महत्येचे विचार यांच्या नोंदी वाढल्यावर युरोपच्या औषध संस्थेने मे २०२५ मध्ये फिनास्टेराइडच्या १ आणि ५ मिलीग्रॅमच्या गोळ्यांचा आत्महत्येचे विचार हा दुष्परिणाम असल्याचे मान्य केले. अशा बहुतेक नोंदी टकलासाठी १ मिलीग्रॅम घेणाऱ्यांच्या होत्या. प्रमाण किती हे ठरवता आलेले नाही, आणि ते फार मोठे असण्याचे चिन्ह नाही. पण आधी नैराश्य येऊन गेले असेल तर ते डॉक्टरांना सांगायलाच हवे. गोळी सुरू केल्यावर मन खचू लागले, झोप उडाली, नको ते विचार येऊ लागले, तर गोळी थांबवून डॉक्टरांना गाठावे. केसांसाठी घेतलेली गोळी थांबवल्याने जिवाला काही होत नाही. टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येते.

गोळी न घेता फिनास्टेराइड डोक्याला लावायचे, मिनॉक्सिडिलसोबत मिसळलेले, अशीही उत्पादने भारतात मिळतात. ती पूर्ण निर्धोक आहेत असे समजू नये. औषध त्वचेतून रक्तात काही प्रमाणात जाते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल २०२५ मध्ये फार्मसीत मिसळून तयार केलेल्या अशा द्रावणांबद्दल सावध केले, त्यांच्याकडे ३२ तक्रारी आल्या होत्या. डोक्याला लावलेले औषध उशीमार्फत, हातामार्फत घरातल्या बाईला लागू शकते, हाही मुद्दा त्यात होता. जाता जाता: मिनॉक्सिडिल मांजरांना विषारी आहे. मांजर पाळलेल्या घरात ते वाळेपर्यंत तिला जवळ घेऊ नये.

मिनॉक्सिडिलची अगदी कमी मात्रेची गोळीही आता काही त्वचारोगतज्ज्ञ देतात. टकलासाठी तिला स्वतंत्र मान्यता नाही, आणि ती मुळात रक्तदाबाचीच गोळी आहे. पायाला सूज, धडधड, अंगावर केस असे होऊ शकते. हृदयाचा त्रास असणाऱ्याने ती मेडिकलमधून परस्पर घेणे धोक्याचे. ड्युटास्टेराइड हे फिनास्टेराइडच्या जातीचे जास्त जोरकस औषध. दक्षिण कोरिया आणि जपानमध्ये ते टकलासाठी मान्य आहे, अमेरिकेत नाही.

रक्तदान आणि पीएसए

फिनास्टेराइड घेणाऱ्याने शेवटच्या गोळीनंतर एक महिना रक्तदान करायचे नसते, कारण ते रक्त गर्भवतीला दिले जाऊ शकते. जयंतीला, गणेशोत्सवात, नेत्याच्या वाढदिवसाला गावोगावी शिबिरे लागतात. अर्जात औषधांचा रकाना असतो, तिथे 'केसांची गोळी आहे, ती काय सांगायची' म्हणून बरेच जण लिहीत नाहीत. ती लिहावी.

चाळिशी-पन्नाशीतल्यांसाठी दुसरी गोष्ट: या गोळीने पीएसए या प्रोस्टेटच्या रक्तचाचणीचा आकडा साधारण निम्मा होतो. डॉक्टरांना गोळी माहीत नसेल तर वाढलेला आकडाही त्यांना ठीक वाटू शकतो. मूल होण्यासाठी प्रयत्न चालू असतील आणि वीर्यतपासणी कमी येत असेल तेव्हाही ही गोळी सांगावी, काहींमध्ये ती थांबवल्यावर शुक्राणू सुधारतात.

दाखवायचे कुठे?

भंडाऱ्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला २०२४ मध्ये १०० जागांसह मान्यता मिळाली. नागपूर साधारण ६० किलोमीटरवर आहे. तिथे 'मेडिकल', 'मेयो' आणि मिहानमधले एम्स, तिन्ही ठिकाणी त्वचारोग विभाग आहेत. (भंडाऱ्यात 'मेडिकलमध्ये जातो' म्हणजे औषधाच्या दुकानात, नागपुरात म्हणजे सरकारी दवाखान्यात.) सरकारी बाह्यरुग्ण विभागात रांग मोठी असते, पण तपासणीचा खर्च नाममात्र. टकलाच्या तक्रारीत फार तपासण्याही लागत नाहीत. टाळू पाहून, घराण्याचा इतिहास विचारून आणि गरज वाटली तर हिमोग्लोबिन, थायरॉइड पाहून निदान होते. पहिल्याच भेटीत हजारोंच्या पॅकेजवर सही मागितली जात असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे.

जाहिरातींबाबत एक कायदेशीर गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. औषध नियमांच्या शेड्यूल जे मध्ये अशा आजारांची यादी आहे, जे बरे करण्याचा किंवा टाळण्याचा दावा कोणत्याही औषधाने करायचा नाही. त्या यादीत टक्कल आहे. 'टक्कल मुळापासून बरे, गॅरंटी' असे एखाद्या औषधाच्या बाटलीवर किंवा रीलमध्ये दिसले तर तो दावाच नियमाबाहेरचा आहे, मग बाटलीत काहीही असो. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे त्याची तक्रार करता येते. तक्रारीसोबत बाटलीच्या लेबलचा, बॅच क्रमांकाचा फोटो आणि बिल जोडावे. ऑनलाइन मागवलेल्या वस्तूचे बिल ईमेलमध्ये पडून असतेच.